आवक दोनशे त्रेसष्ट, जावक शून्य

बायको गेल्याचं जावकरावांना पहिल्यांदा कळवलं ते मोटारसायकलवर बसलेल्या, काळा चष्मा लावलेल्या एका अनोळखी माणसाने.

तो माणूस काही तिथे आला नव्हता. फोनवर त्याचा नखाएवढा फोटो आला होता. जावकराव दवाखान्याच्या तळमजल्यावर औषधांच्या खिडकीपुढे उभे होते, रांगेत त्यांचा नंबर सातवा होता, आणि खिशातला फोन थरथरला. ‘ताईंना भावपूर्ण श्रद्धांजली. घरच्यांना बळ मिळो.’ कोणाच्या तरी ताई गेलेल्या दिसतात, असं म्हणून जावकराव मनात हळहळले आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकले. फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, तर सगळ्यात वर बायकोचा फोटो होता, लेकीच्या लग्नातला, आणि त्याखाली मेहुण्याने चार ओळी लिहून तिचं आणि जावकरावांचं नाव जोडलं होतं.

मेहुणा वर तिसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, त्याने जगाला सांगितलं, आणि मग तो भाऊजींना सांगायला जिना उतरू लागला. स्वतःची अक्कलदाढ काढल्याची बातमीसुद्धा ज्याने खुर्चीतून उठायच्या आधी जाहीर केली होती, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. तो खाली पोहोचला तेव्हा जावकराव खिडकीशी आले होते आणि आतल्या माणसाला सांगत होते, की ही चिठ्ठी आता रद्द करा, औषध लागणार नाही. आतल्या माणसाने रद्दच्या शिक्क्यावर सही मागितली. जावकरावांनी तारीख घालून सही केली.

जावकराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात चौतीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर बसले, तिथे हे नाव चिकटलं आणि निवृत्तीनंतर निरोपाच्या शालीबरोबर घरी आलं. आलेल्या कागदाला त्याच दिवशी आवक क्रमांक द्यायचा आणि सात दिवसांच्या आत त्याचं उत्तर जावक करायचं, एवढंच त्यांचं काम. नळाला पाणी येवो न येवो, उत्तर यायचंच. एकदा कोणीतरी नुसतं रिकामं पाकीट पाठवलं होतं. दुसरा असता तर टोपलीत टाकून मोकळा झाला असता. जावकरावांनी त्याला क्रमांक दिला आणि पाचव्या दिवशी कळवलं, की ‘आपले पाकीट मिळाले, मजकूर मिळाला नाही, तरी तो पाठवावा.’ त्या माणसाने मजकूर पाठवलाही. पण तो इथे सांगण्यासारखा नाही.

घरी मात्र आवकेचा विभाग होता, जावकेचा नव्हता. बायको कपडे वाळत घालता घालता बोलायची, भाजी निवडता निवडता बोलायची, आणि पेपरामागून ‘हं’ असा आवाज यायचा. आपला ‘हं’ तीन प्रकारचा आहे, होकाराचा, नकाराचा आणि विचार करून सांगण्याचा, असं जावकरावांचं म्हणणं होतं. बायकोला तिन्ही सारखेच ऐकू यायचे. “सगळ्या गावाला उत्तरं देता,” ती म्हणायची, “माझं पत्र कुठल्या खिडकीत टाकायचं तेवढं सांगून ठेवा.”

त्यावर जावकराव म्हणायचे, “हं.”

तीन आठवडे राहून लेक तिच्या घरी परत गेली. जाताना फ्रिजवर यादी चिकटवून गेली आणि म्हणाली, बाबा, मन कशात तरी गुंतवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जावकराव खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसले, आणि मन गुंतवायला काही नाही म्हणून त्यांनी फोन उघडला. मेहुण्याच्या त्या चार ओळींखाली दोनशे त्रेसष्ट लोकांनी काही ना काही लिहिलं होतं. त्यातल्या एकालाही उत्तर गेलं नव्हतं. मेहुण्याने बातमी दिली होती, टपाल सांभाळायची जबाबदारी घेतली नव्हती.

आवक दोनशे त्रेसष्ट, जावक शून्य. आणि सात दिवसांची मुदत उलटून पंधरा दिवस झालेले. चौतीस वर्षांत असा ढीग त्यांच्या टेबलावर कधी साचला नव्हता. खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना उठून काहीतरी करावंसं वाटलं.

त्यांनी दुकानातून लांब बांधणीची वही आणली, लाल शाईने रकाने आखले. क्रमांक, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, विषय, उत्तर दिल्याची तारीख, शेरा. विषयाचा रकाना सोपा होता, सगळ्यांचा विषय एकच होता. अडचण नावांची होती. नातेवाईक फार तर चाळीस. उरलेल्या सव्वादोनशे माणसांतलं कोणी ओळखीचं नव्हतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलं नाव सांगायची लाज वाटावी तशी भलतीच नावं घेतली होती. ‘फक्त मीच’. ‘स्वप्नांची राणी’. ‘खात्रीशीर गळती दुरुस्ती’. मोटारसायकलवाल्याचं नाव होतं ‘एकटा वाघ’. जावकरावांनी वहीत वळणदार अक्षरात लिहिलं, आवक क्रमांक एक, श्री. एकटा वाघ.

आणि तिथेच पेन थांबलं. क्रमांक एकला काय लिहायचं? रांगेतलं ते एक पाऊल त्यांना आठवलं. कोणाच्या तरी ताई, असं म्हणून पुढे टाकलेलं. त्यांनी शेऱ्यात ‘नंतर’ असं लिहिलं आणि क्रमांक दोनकडे वळले. जुनं आधी, नवं नंतर, हा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

या सव्वादोनशे लोकांना ही कुठून ओळखत होती, हे त्यांनी मेहुण्याला फोनवर विचारलं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तिथे ओळख वगैरे काही लागत नाही, लोक कुणालाही काहीही लिहितात. जावकरावांना ते पटलं नाही. उगाच कोणी कागद खर्ची घालत नाही. पण आधी उत्तरं, मग चौकशी.

त्यांनी मसुदा केला. ‘आपला शोकसंदेश मिळाला. सदर बाबीची नोंद घेण्यात आली आहे. विलंबाबद्दल क्षमस्व. आपला आभारी.’ पहिल्या वीस जणांना तो गेला आणि लगेच लेकीचा फोन आला. तिचा आवाज फार शांत होता, लहानपणी तिच्यावर रागावताना आईचा व्हायचा तसा. तिने एवढंच विचारलं, “बाबा, आई म्हणजे सदर बाब का?”

जावकरावांनी चूक मान्य केली आणि त्या दिवसापासून ‘सदर दुःखद बाबीची’ असा बदल केला. लेकीने त्यानंतर आठवडाभर मसुद्याचा विषय काढला नाही.

मग सल्ला घ्यावा म्हणून ते समोरच्या दारातल्या प्राध्यापकांकडे गेले. प्राध्यापक तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि कोणीतरी काहीतरी विचारावं म्हणून दार नेहमी अर्धं उघडं ठेवायचे. त्यांनी विषयाची मांडणी केली. सोशल मीडियावर अनोळखी माणसाने लिहिलेलं वाक्य म्हणजे पत्र नव्हे. ते जिन्यात समोरून येणाऱ्याने मान हलवण्यासारखं आहे. त्याला उत्तर म्हणजे आपणही मान हलवायची, म्हणजे अंगठा दाखवायचा. वाक्य लिहिणं हा अतिरेक. एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्या बाई खाली उतरत होत्या, त्या थांबल्या. त्यांचं म्हणणं पडलं, की कोणी शोक व्यक्त केला असताना अंगठा दाखवणं म्हणजे बरं झालं म्हणण्यासारखं आहे. नमस्काराचे हात द्यावेत. फार जवळचं असेल तर हृदय. प्राध्यापकांनी हृदयाला तर्काचा आधार काय ते विचारलं. बाईंनी तर्काला माणसं किती जोडली गेली ते विचारलं. हे पाऊण तास चाललं आणि जावकराव तितका वेळ कचऱ्याचा डबा हातात धरून मधे उभे होते. शेवटी बाई जाता जाता त्यांना हळूच म्हणाल्या, “काका, एक सांगते, राग मानू नका. तुम्ही आता एकटे आहात. लाल हृदय जरा जपून वापरा.”

जावकरावांनी दोघांचेही आभार मानले आणि घरी येऊन ठरवलं, की या दोघांनाही कार्यालयीन कामाचा अनुभव नाही.

सत्तावन्नाव्या उत्तराला फोनने दार लावून घेतलं. ‘आपले वर्तन असामान्य वाटते,’ असा मजकूर पडद्यावर आला. त्याखाली प्रश्न होता, की आपण खरोखर माणूस आहात का.

हे जावकरावांना लागलं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला ते दरवर्षी देत होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. माणूस असतो तसा नसतोही, विचारणाऱ्याचं चुकत नाही. पण माणूस असल्याचा दाखला आजवर कोणी मागितला नव्हता. आणि असामान्य वर्तन? ज्या माणसाने चौतीस वर्षांत एकदाही शिक्का उलटा मारला नाही, त्याचं? त्यांनी त्याच दिवशी त्या कंपनीला तीन पानी निवेदन लिहिलं. सोबत हयातीच्या दाखल्याची प्रत, निवृत्तीच्या आदेशाची प्रत आणि वर्तणूक चांगली असल्याबद्दल साहेबांनी दिलेलं जुनं प्रमाणपत्र जोडलं. मग पत्ता शोधायला बसले, तर पत्ताच नाही. एवढी मोठी कंपनी, कोट्यवधी लोकांचं टपाल हाताळणारी, आणि तिला आवक खिडकी नाही. सरतेशेवटी कुठेतरी एक चौकोन सापडला, त्यात तीन पानांतल्या चार ओळी मावल्या. त्या पाठवताक्षणी उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’

जावकराव त्या वाक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ते त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी स्वतः ते हजारो वेळा जावक केलं होतं, कागद न वाचता. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून ते कसं दिसतं, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तीन दिवसांनी दार आपोआप उघडलं. कोणी उघडलं, का उघडलं, काही कळवलं नाही. जावकरावांनी मात्र या तीन दिवसांत विचार करून पद्धत बदलली होती. एकच मसुदा सगळ्यांना पाठवायचा नाही. जो आपल्या दारी येऊन गेला, त्याच्या दारी आपणही एकदा जाऊन यायचं. म्हणजे त्या माणसाच्या पानावर जायचं, त्याने अलीकडे काय लिहिलंय ते नीट वाचायचं आणि त्याबद्दल दोन शब्द लिहून यायचं. लोक घरी येतात तेव्हा आपण त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतो ना, तसं.

हेतू चांगला होता. पण कार्यालयीन भाषा ही अंगाला लागलेली शाई असते, ती साबणाने जात नाही. ‘फक्त मीच’ यांनी लिहिलं होतं, आज कशातच मन लागत नाही. जावकरावांनी खाली लिहिलं, ‘कारण कळवावे.’ एका कवीने चार ओळींची कविता टाकली होती, की तू गेलीस आणि मी उद्ध्वस्त झालो. जावकरावांनी लिहिलं, ‘वाचून वाईट वाटले. नुकसानीचा तपशील मिळाल्यास बरे होईल.’ ‘स्वप्नांची राणी’ हिने नव्या कपड्यांतला फोटो टाकून विचारलं होतं, कशी दिसतेय. सत्तर जणांनी सुंदर म्हटलं होतं. जावकरावांनी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘आपण ठीक दिसता. मात्र मागच्या भिंतीला उजव्या कोपऱ्यात ओल आली आहे. आत नळ असल्यास तो फुटला असण्याचा संभव आहे. वेळीच लक्ष द्यावे.’

कवी चिडला आणि त्याने जावकरावांना दार बंद केलं. राणीने तुम्ही कोण असं विचारलं, त्यावर त्यांनी नाव, पद आणि निवृत्तीचा दिनांक कळवला. आठवड्याने राणीचं उत्तर आलं, की भिंत फोडली, नळ खरंच फुटला होता. तिथे ‘खात्रीशीर गळती दुरुस्ती’ यांना काम मिळालं, कारण त्यांचा पत्ता जावकरावांनीच दिला होता. वहीत त्यांचा क्रमांक एकशे बारा होता. आणि ‘फक्त मीच’ यांनी खरोखर कारण कळवलं. ते चार पडदे भरून होतं. ते एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते आणि शाळेने चित्रकलेचा तास काढून टाकला होता. जावकरावांनी त्यांना वहीत वेगळं पान दिलं. मास्तर आता रोज सकाळी नमस्कार पाठवतात, आणि जावकराव रोज सात दिवसांच्या आत, म्हणजे त्याच दिवशी, उत्तर देतात.

असे दिवस बरे चालले होते. सकाळी चहा झाला की वही, दुपारी जेवण झालं की वही. रकाने भरत होते. फक्त पहिली ओळ तशीच होती. ‘नंतर’.

एका दुपारी जावकरावांनी मन घट्ट केलं. उत्तर सुचत नाही तर नाही, निदान त्या माणसाच्या दारी जाऊन तर यावं. वाघाच्या पानावर सगळ्यात वर माशांच्या टाकीचा फोटो होता. ‘टाकी देणे आहे. चांगल्या घरी जावी.’ अकरा दिवस झाले होते आणि खाली एक अक्षर नव्हतं. जावकरावांनी विचार करून लिहिलं, ‘टाकी उत्तम दिसते. तिला चांगले घर मिळो. आमच्याकडे उजेड भरपूर आहे, तथापि मासे पाळण्याचा पूर्वानुभव नाही.’

हा त्यांच्या मते नम्र नकार होता. ‘तथापि’ आलं की कार्यालयात सगळ्यांना कळतं, की काम होणार नाही. वाघ कार्यालयात वाढलेला नव्हता. त्याने पाचव्या मिनिटाला विचारलं, काका, पत्ता? आणि पत्ता मागणाऱ्याला पत्ता द्यायचा, ही चौतीस वर्षांची सवय. जावकरावांनी मजल्यासह आणि खुणेच्या झाडासह पत्ता दिला.

रविवारी सकाळी मोटारसायकल आली. मागच्या सीटवर जुन्या गादीत गुंडाळून, दोरखंडाने आवळून साडेतीन फुटांची टाकी बांधली होती. जावकराव बनियनवर खाली धावले. ‘तथापि’चा अर्थ समजावून सांगायची ती वेळ नव्हती, कारण वाघाने एक बाजू उचलली होती आणि दुसरी बाजू कोणीतरी उचलणं भाग होतं. पहिल्या मजल्यापर्यंत बरं गेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टाकी अडकली ती हलेना. प्राध्यापक दारात येऊन म्हणाले, की कोनाचा विचार न करता वस्तू उचलली की असंच व्हायचं, आणि तिरकी धरा, उभी धरा, नाही, आधी होती तशीच धरा, असे तीन सिद्धान्त त्यांनी ओळीने मांडले. विमेवाल्या बाईंनी वरून वाकून टाकीचा विमा आहे का ते विचारलं. प्राध्यापकांचं बुटांचं कपाट आत ढकलल्यावर टाकी सुटली, पण त्या हिसक्याने तिच्यावर ठेवलेली गोट्यांची पिशवी फाटली. रंगीत गोटे पायऱ्या मोजत मोजत तळमजल्यापर्यंत गेले. सगळा जिना दारं उघडून बाहेर आला आणि अर्धा तास गोटे वेचत होता. एवढी माणसं जावकरावांच्या दारापर्यंत बायको गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आली होती.

टाकी भिंतीशी लागली. जावकराव हुश्श म्हणून खुर्चीवर बसले, तोच वाघाने जाकिटातून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

“यात काय?”

“मासा,” वाघ म्हणाला. “टाकी म्हटल्यावर मासा आलाच ना, काका.”

काळा चष्मा काढल्यावर वाघ अगदीच साधा निघाला. चाळिशीचा, बोटांच्या पेरांत काळं वंगण बसलेला, चहा घेताना बशी दोन्ही हातांनी धरणारा. पंक्चर काढायचं दुकान होतं त्याचं. आता तो लहान खोलीत राहायला जाणार होता, तिथे टाकी मावत नव्हती. जावकरावांनी थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग महिनाभर डोक्यात घोळत असलेलं विचारून टाकलं.

“तुम्ही आमच्या हिला कसे ओळखत होता?”

“ओळखत नव्हतो,” वाघ म्हणाला. “दुकान काढलं ना, तेव्हा पाटीचा फोटो टाकला होता मी. दिवसभर बघत होतो कोणी काही लिहितंय का. एक माणूस नाही. माझा सख्खा भाऊ नाही. संध्याकाळी ताईंचं आलं. पाटी सुबक आहे, आमच्याकडे सायकल नाही, असती तर हवा भरायला आले असते.” तो हसला. “मी विचारलं, आपली ओळख? तर म्हणाल्या, ओळख काही नाही, खाली रिकामं दिसलं म्हणून लिहिलं.”

जावकरावांनी वहीकडे पाहिलं. सव्वादोनशे अनोळखी माणसं. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी मास्तरांना विचारलं, राणीला विचारलं, गळतीवाल्याला विचारलं. सगळ्यांची गोष्ट एकच होती. मास्तरांनी एकदा मांजराचं चित्र टाकलं होतं, त्याखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. हिने लिहिलं होतं, मांजर रागावलेलं दिसतंय, पण घरचं वाटतंय. दुपारी भाजी निवडून झाली की ती जगातली रिकामी जागा शोधत बसायची आणि एकेक ओळ टाकून यायची. पेपराच्या पलीकडेच बसलेली असायची.

पण ते दोन दिवसांनी. त्या रविवारी निघताना वाघाने बूट घालता घालता सहज विचारलं, “काका, ताई इतक्यांना लिहायच्या. त्यांच्या स्वतःच्या फोटोंवर तुमचं कधी काही दिसलं नाही. तुम्ही तेव्हा फोन वापरत नव्हता का?”

“वापरत होतो,” जावकराव म्हणाले.

वाघाने दुसरा बूट घातला. त्याने माशाला दिवसातून एकदाच, चिमूटभर खायला घाला असं सांगितलं आणि तो गेला. त्या औषधांच्या रांगेबद्दल जावकरावांनी त्याला काही सांगितलं नाही. माणूस चांगल्या मनाने आला होता, त्याला ते ओझं कशाला? त्यांनी वही उघडली, क्रमांक एकपुढचं ‘नंतर’ खोडलं आणि लिहिलं, ‘समक्ष भेट झाली. चहा दिला.’

मग त्यांनी बायकोचं पान उघडलं. सात वर्षांत एकशे अठरा वेळा तिने काही ना काही लिहिलं होतं. त्यांनी वहीचं नवं पान काढलं, रकाने आखले आणि सगळ्यात जुन्यापासून सुरुवात केली.

तिने गच्चीवरून आभाळाचा फोटो काढला होता. ‘आज ढग बघा कसे.’ जावकरावांनी लिहिलं, ‘पाहिले. त्या दिवशी मी घरीच होतो, पण पाहिले नव्हते.’ तिने दोन पडद्यांचा फोटो टाकून विचारलं होतं, निळा घेऊ की हिरवा. त्यांनी लिहिलं, ‘हिरवा. निळा घेतलास, तोही चांगला निघाला.’ तिने लिहिलं होतं, आज पहिल्यांदा एकटीने बँकेचं सगळं काम करून आले. त्यांनी लिहिलं, ‘अभिनंदन. उशिराबद्दल क्षमस्व.’ सहा वर्षांचा उशीर होता. तो त्यांनी शेऱ्यात नोंदवला.

यात एक भानगड होती आणि ती जावकरावांना माहीत नव्हती. जुन्या पोस्टखाली कोणी काही लिहिलं, की ती पोस्ट तळातून उसळी मारून सगळ्यांच्या फोनवर वर येते. तिसऱ्या दिवशी बायकोच्या शाळेतल्या मैत्रिणीने लिहिलं, ‘अगं, होतीस कुठे इतके दिवस? नवे पडदे छान!’ आणखी एकीने तब्येत सुधारल्याबद्दल आनंद व्यक्त केला. मेहुण्याचा फोन आला तो घाबराघुबरा. “भाऊजी, ताई वर आलीय,” तो म्हणाला. लोक त्याला विचारत होते, की तू अशी खोटी बातमी कशी दिलीस. सगळ्यांच्या आधी खरी बातमी देणारा म्हणून त्याचं जे नाव होतं ते धुळीला मिळालं होतं. जावकरावांना त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. प्राध्यापकांनी दारातून मत दिलं, की या माध्यमात आठ दिवसांपलीकडच्या गोष्टीला उत्तर देणं शिष्टाचाराला धरून नाही. जावकराव म्हणाले, मुदत मला माहीत आहे, सात दिवसांची असते.

त्या संध्याकाळी लेकीने फोन करून स्पष्ट सांगितलं, की आता आईचं खातं बंद करायचं. लोकांना धक्के बसताहेत, तिच्या सासरी विचारताहेत, रविवारी ती स्वतः ते बंद करणार. जावकराव म्हणाले, प्रकरणं निकाली निघाल्याशिवाय दप्तर बंद करता येत नाही. लेक म्हणाली, बाबा, हे दप्तर नाही. आणि तिने फोन ठेवला.

रविवारपर्यंत जावकरावांनी जेवढी होतील तेवढी उत्तरं दिली. मैत्रिणींना एकेकीला खरं काय ते कळवलं, दिवसाला पंधरा पोस्ट हातावेगळ्या केल्या. शुक्रवारी तर त्यांनी दुपारची झोपही घेतली नाही. मासा काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहायचा.

रविवारी फोन आला. जावकराव घसा साफ करून बाजू मांडायला तयार होते. लेकीने तोवर ती सगळी उत्तरं वाचली होती.

ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला खरंच हिरवा पडदा हवा होता?”

“हो.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत तिला?”

“तिने विचारलं होतं,” जावकराव म्हणाले, “हे मला आत्ता कळलं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“किती राहिलेत?”

“सव्वीस.”

“बरं. मग होऊ द्या,” लेक म्हणाली. “माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवसाचा फोटो आहे त्यात, तिने टाकलेला. त्यावर नीट लिहा. सदर बाब वगैरे नको.”

त्या फोटोवर जावकरावांनी नीट लिहिलं. काय लिहिलं ते त्या दोघांनाच माहीत, म्हणजे खरं तर सगळ्या जगाला दिसतं, पण कळतं दोघांनाच. खातं बंद झालं नाही. मैत्रिणींना आता सवय झाली आहे. एखादी जुनी पोस्ट वर आली की त्या खाली नमस्काराचे हात देतात, आणि विमेवाल्या बाई लाल हृदय देतात. मेहुण्याने जावकरावांना विचारूनच लिहायचं असं ठरवलंय, म्हणजे विचारून होईपर्यंत तो लिहून मोकळा झालेला असतो. वाघ महिन्यातून एकदा माशाला बघायला येतो. रोज दुपारी पेपर वाचून झाला की जावकराव फोनवर फिरून येतात. कोणाच्या तरी पाटीखाली, चित्राखाली, मोडक्या सायकलीखाली रिकामं दिसलं, की एक ओळ लिहितात. ‘कारण कळवावे’ हल्ली कमी झालंय.

तिच्या एकशे अठरापैकी एकशे सतरांना उत्तर गेलं आहे. जी राहिली ती सहा वर्षांपूर्वीची आहे. फोटोत खिडकीजवळची वेताची खुर्ची आहे. तिची बैठक फाटली होती, ती टाकून देऊ या असं जावकराव म्हणाले होते. बायकोने कुठूनसं वेत आणला आणि बघून बघून स्वतः विणली. खाली तिने लिहिलं होतं, ‘आठ दिवस लागले. बोटं सोलली. बसून सांगा कशी झालीय.’ त्याखाली कोणीच काही लिहिलेलं नाही. ज्याने बसून सांगायचं तो घरात एकच होता.

सहा वर्षं जावकराव त्याच खुर्चीवर बसत आले आहेत. सगळे पेपर त्यांनी तिच्यावर बसून वाचले, सगळे ‘हं’ तिच्यावर बसून म्हटले, दोनशे त्रेसष्ट उत्तरं तिच्यावर बसून लिहिली. एकही वेत सुटलेला नाही. रोज सकाळी ते वही उघडतात, ती पोस्ट काढतात, दोन शब्द लिहितात, पुसतात. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

खुर्ची कशी झालीय, ते सांगायचं अजून राहिलं आहे.